लेकीचा लॅपटॉप देवघरात ठेवायचा नाही

पत्र:

ताई, नमस्कार. मी इंदूरला एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघतो. राहायला सुदामा नगरात. मोठ्या मुलीला यंदा खंडवा रोडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. तिच्यासाठी मशीन घ्यायचंय. बाजूला काढलेले ५५ हजार आहेत. सिल्व्हर मॉलमध्ये विचारलं तर दुकानदार म्हणाला, "भिया, कॉम्प्युटर सायन्स है तो ग्राफिक्स कार्डवाला ही लगेगा." किंमत एक लाख पाच हजार, वरच्या रकमेचे हप्ते करून देतो म्हणे. पुण्याचा पुतण्या म्हणतो, मॅकबुकशिवाय काही घेऊ नका. मेव्हणे म्हणतात, डेस्कटॉप घ्या, निम्म्यात भागेल. मुलीला विचारलं तर "काहीही चालेल बाबा" एवढंच. हप्त्यांना माझी तयारी आहे. साध्या मशीनमुळे ती वर्गात मागे पडणार नाही ना, तेवढं सांगा.
— एक वडील, इंदूर

उत्तर:

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. साध्या मशीनमुळे ती मागे पडणार नाही. हप्ते करू नका. ५५ हजारांत तिची चार वर्षं निघतात, आणि त्यातलेही थोडे पैसे मागे राहायला हवेत.

आता त्या "काहीही चालेल बाबा" बद्दल. बावीस वर्षं मी इथल्याच मुलांना कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवतेय आणि हे वाक्य चांगलं ओळखते. घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे ज्या मुलींना बरोबर ठाऊक असतं, त्याच असं बोलतात. तिला मत असणारच. पण तुमच्या खिशाला तोशीस पडेल असं काही तोंडून निघू नये म्हणून ती गप्प आहे. मशीन निवडताना मला सगळ्यांत जास्त काळजी या गप्प राहण्याची वाटते. का, ते सांगते.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला १९९८ साली. बाबांनी ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढलं होतं. आईने मॉनिटरला क्रोशाचं कव्हर विणलं, दसऱ्याला त्याला हळदीकुंकू वाहिलं. मला रविवारी एक तास मिळायचा, तोही हात धुऊन. अशाच एका रविवारी माझ्या हातून विंडोजची कुठलीशी फाइल उडाली आणि मशीन सुरूच होईना. दुकानातून माणूस आला, दोनशे रुपये घेऊन गेला. बाबा चकार शब्द बोलले नाहीत. पण पुढचे दोन महिने मी त्या कीबोर्डला हात लावला नाही. ती फाइल कुठली होती, ती नसल्यावर मशीन का अडतं, हे विचारायची माझी हिंमतच झाली नाही. ते कळायला सहा वर्षं गेली, मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा कुठे.

हेच मी अजून वर्गात बघते. तिसऱ्या सेमिस्टरला आम्ही मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेतो, म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एका वर्षी एक हुशार मुलगी हात मागे घेऊन बसली होती. लॅपटॉप लाखाच्या पुढचा, झाकणावरचं पातळ प्लास्टिक दीड वर्षाने तसंच. जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, मी हिच्याच मशीनवर बघते. माझ्याचे हप्ते चालू आहेत." शेजारची मुलगी एका जुन्या, कोपरे झिजलेल्या लॅपटॉपवर तिसऱ्यांदा पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वाटे, चुकवत होती आणि चौथ्यांदा करत होती. त्या दोन तासांत कोण काय शिकलं हे तुम्हाला सांगायला नको.

कॉम्प्युटर सायन्स हा विषय बिघडवल्याशिवाय येत नाही. १९९१ साली हेलसिंकीत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स घरच्या ३८६ कॉम्प्युटरवर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. मशीनला रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती, ४ एमबी. एकदा त्याने मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल केलं आणि ज्या मिनिक्स नावाच्या तयार सिस्टिमवर तो काम करायचा तिचं पार्टिशन उद्ध्वस्त झालं. मिनिक्स पुन्हा टाकायच्याऐवजी त्याने ठरवलं की आता आपण लिहिलेल्यावरच राहायचं. ती लिनक्स. आज जगातले बहुतेक सर्व्हर तिच्यावर चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तीच. मी तुमच्या मुलीसाठी ज्या १६ जीबीचा आग्रह धरणार आहे, ती त्याच्या रॅमच्या ४,०९६ पट आहे.

तेव्हा माझी मुख्य अट एकच आहे: ज्याला हात लावायला ती घाबरणार नाही असं मशीन घ्या. बाकीचं सगळं या अटीच्या मागून येतं.

पहिल्या वर्षी ती सी आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकेल. ते प्रोग्राम म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, काही केबींच्या. कित्येक कॉलेजांत अजून टर्बो सी चालतं. ते सीचे प्रोग्राम चालवायचं, विंडोजच्याही आधीच्या डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर, आजच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतही नाही, डॉसचं सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवून चालवावं लागतं. त्यासाठी लाखाचं मशीन म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढण्यासारखं आहे. दुसऱ्या वर्षी डेटाबेस, जावा, वेबसाइटी. तिसऱ्या वर्षी खरी ओढाताण सुरू होते. एकीकडे फोनची ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात एम्युलेटर म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, मागे डेटाबेस. ८ जीबीचं मशीन इथे गुडघे टेकतं. रॅम भरली की कॉम्प्युटर जास्तीचा माल डिस्कवर टाकायला लागतो, आणि तो सारखा आणत-नेत बसतो. तुमच्या पेढीत गादीवर जागा उरली नाही की प्रत्येक थान गोदामातून आणून परत ठेवावं लागेल, तसंच. प्रोसेसर कितीही भारी असो, गोदामाच्या फेऱ्या चुकत नाहीत.

म्हणून रॅम १६ जीबी. आत्ता ८ घेतलीत तरी चालेल, पण मग एक रिकामा स्लॉट हवाच. दुकानात नेमकं हे विचारा: "रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डकवलेली आहे, की स्लॉटमध्ये?" पत्रकावर एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते, म्हणजे घेतली तेवढीच जन्मभर. रॅमचे भाव सोन्यासारखे वरखाली होतात. स्लॉट मोकळा असेल तर भाव उतरल्यावर टाकता येते. डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीची नाही, चिपची वेगवान, ५१२ जीबी. २५६ घेतलीत तर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवताना ती वर्षभरात रडकुंडीला येईल.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानात सगळ्यांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडं थांबते. "आय सेव्हन आहे" म्हटलं की आपण मान डोलावतो. पण आय सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरच्या नुसतं कुळाचं नाव झालं, पिढी कुठली आणि शेवटचं अक्षर कुठलं ते बघायचं. दहाव्या पिढीच्या आय सेव्हन १०६५ जी ७ मध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे चार गडी आहेत, बाराव्या पिढीच्या आय फाइव्ह १२४५० एचमध्ये आठ. हा आय फाइव्ह त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तर गंमत अशी की आकडा नवा आणि आतला माल जुना असू शकतो. तिथे तिसरा आकडा वाचायचा. ७५२० यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ ही जुनी रचना, आत चारच कोअर, आणि रॅम सोल्डर केलेली. ७५३० यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. नावात एका आकड्याचा फरक, कामात कितीतरी मोठा. हिशेबनीस माणसाला हे सांगावं लागत नाही, तुम्ही आयुष्यभर तिसऱ्या रकान्यातलाच आकडा पकडत आलात.

ग्राफिक्स कार्डाचं बघू. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही नाही. मशीन लर्निंगला, म्हणजे कॉम्प्युटरला उदाहरणांवरून शिकवायच्या विषयाला, एनव्हिडिया कंपनीचं कार्ड कामाला येतं, कारण कुडा नावाची प्रणाली त्याच कार्डांवर चालते. पण तो विषय बहुतेक तिसऱ्या वर्षी येईल, आणि तेव्हाही गूगल कोलॅब किंवा कॅगल या वेबसाइटींवर मर्यादित तासांसाठी कार्ड फुकट वापरायला मिळतं. कॉलेजच्या प्रोजेक्टांना ते पुरतं. जिथे ते पुरत नाही, तिथे लॅपटॉपमधलं ४ किंवा ६ जीबीचं कार्डही अपुरंच पडतं. उलट गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा, वर त्याचा विटेएवढा चार्जर. पाठीवर वह्या, डबा आणि हे ओझं घेऊन ती रोज सुदामा नगरातून खंडवा रोडला जाणार, सिटी बसमध्ये उभी राहून. आणि बॅटरी दुपारपर्यंत मान टाकणार. हां, तिला स्वतःला गेम बनवायचे असतील, थ्रीडी ग्राफिक्स करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. ते तिला विचारा.

पुतण्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मॅकबुक एअर उत्तम मशीन आहे, पंखा नाही, बॅटरी दिवसभर, हुकूम टाइप करायची खिडकी लिनक्ससारखीच, युनिक्सची. पण २०२५ च्या मार्चमध्ये एम ४ चं एअर भारतात आलं तेच ९९,९०० रुपयांपासून. त्याची रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येत नाही, आणि आत काही बिघडलं तर बिल ऐकून बसायला खुर्ची लागते. आयफोनची ॲप करायची असतील तर एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं, हे खरं. ते करायची वेळ आली तर ती पहिल्या पगारातून घेईल.

मेव्हणे अर्धे बरोबर आहेत. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त जोर देतो आणि त्यातला एकेक भाग बदलता येतो. पण कॉम्प्युटर सायन्सच्या मुलीला मशीन लॅबमध्ये न्यावं लागतं, मैत्रिणीकडे प्रोजेक्टला न्यावं लागतं, उद्या इंटर्नशिपला बंगलोरला न्यावं लागेल. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस आलाच. त्यांची खरी गोष्ट मी घेते ती मोठ्या स्क्रीनची. लॅपटॉप घ्या, आणि घरी टेबलावर २२-२४ इंचांचा साधा आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) मॉनिटर ठेवा. सहा-आठ हजारांत येतो. एका बाजूला प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला त्याची चूक सांगणारी खिडकी, असं समोरासमोर दिसलं की मुलं वेगळीच काम करतात. पाचशे-सातशेचा बाहेरचा कीबोर्ड जोडा. मॉनिटरची वरची कड तिच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या, खाली जाड पुस्तकं ठेवली तरी चालतील. विशी न ओलांडलेली मुलं मानेला पट्टा लावून लॅबमध्ये येतात, ते बघवत नाही.

आता कोणता लॅपटॉप? माझं मन विचाराल तर जुना. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जे लॅपटॉप काढून टाकतात, थिंकपॅड टी, लॅटिट्यूड, एलिटबुक, ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. बांधा दणकट, कीबोर्ड नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा कितीतरी चांगला, मागचं झाकण चार-सहा स्क्रूंत निघतं. साधारण पंचवीस-तीस हजारांत चांगलं मशीन मिळतं. इंटेलची आठवी पिढी ही अगदी खालची रेघ धरा, कारण त्याखालच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अकरावी किंवा बारावी पिढी मिळाली तर सोडू नका.

जुनं घेताना दुकानातच दहा मिनिटं मागून घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, असा हुकूम द्यायचा. मुलीला इंग्रजी स्पेलिंग लगेच सापडेल. एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता अशा दोन ओळी असतात. मूळ ५०,००० आणि आत्ता ४०,००० दिसली तर बॅटरीत ऐंशी टक्के जीव आहे. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला सांगा, आणि त्यात संकोच करू नका. मग मशीन बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवून बाहेर पडा. बिजागऱ्या सैल आहेत का, सगळी बटणं उमटतात का, हे बघून घ्या, आणि बिल जीएसटीचं, मुलीच्या नावावर, त्यावर दुकानाची हमी लिहून.

जुन्याला मन धजत नसेल तर नवा घ्या, चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, वर सांगितलेल्या रॅम-डिस्कच्या अटी पाळून. त्यातही काही वाईट नाही. फक्त वर्षाअखेरची ऑफर, बॅग फुकट, माऊस फुकट यात गुंतू नका, मॉडेलचा पूर्ण नंबर कागदावर लिहून घरी या आणि रात्री शांतपणे शोधा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही म्हणून विचारते. मुलगी बारावी मध्य प्रदेश बोर्डाची आहे का? असेल आणि ७५ टक्के किंवा वर असतील, तर राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात टाकतं. तिच्या शाळेत जाऊन यादीत नाव आणि खात्याचा नंबर बरोबर आहे ना ते या आठवड्यातच बघून या.

मशीन घरी आलं की पहिल्या दिवशी एवढं मात्र करून घ्या. नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद केलेली असते. शेजारी लिनक्स टाकताना ती अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागू शकते, आणि ती नसली तर आतलं सगळं गेलं. ती किल्ली कागदावर उतरवून तुमच्या हिशेबाच्या कपाटात ठेवा. विंडोज पुन्हा टाकायचा एक पेन ड्राइव्ह नेहमी तयार असू द्या, त्यावरून अख्खी सिस्टिम तासाभरात पुन्हा बसते. सुरुवातीला पार्टिशनची भीती वाटत असेल तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल या विंडोजच्याच सोयीने लिनक्स चालवता येतं. अभ्यासाचं काम रोज गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या वेबसाइटवर, चढवायची सवय लागली की मग मशीनचं काहीही होवो, काम जात नाही. सॉफ्टवेअर बिघडून लॅपटॉप मरत नाही, हे तुम्ही दोघांनी एकदा मनात पक्कं करा.

आणि आता त्या गप्प मुलीचं. हे वाचून तुम्ही एकटे सिल्व्हर मॉलला जाऊ नका. ५५ हजारांचा आकडा तिच्यासमोर ठेवा आणि सांगा, हे सगळे तुझ्या मशीनचे, यातून जे उरेल तेही तुझ्या मशीनचंच, तिसऱ्या वर्षी रॅम लागेल, बॅटरी लागेल, त्याला. निवड तू कर, मी सोबत येतो. दोन दिवसांत ती तुम्हाला असे आकडे सांगायला लागेल की तुम्ही थक्क व्हाल. दुकानात दुकानदाराशी बोलणं तिलाच करू द्या. तो तुमच्याकडे बघून उत्तर देईल, तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघा.

घरी आल्यावर झाकणावरचं प्लास्टिक त्याच संध्याकाळी काढायला लावा. मग शेजारी खुर्ची ओढून बसा आणि तिला म्हणा, पायथनमध्ये "इंदूर" लिही आणि लांबी विचार. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मशीन पाच सांगेल: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. साठवायला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन, म्हणजे पंधरा बाइट. का, ते तिला तुम्हाला समजावून सांगू द्या.